आबांचं एकवचन

"तिसऱ्या तुकड्यात चूक आहे, सर," कावेरी म्हणाली. "वॉज नाही, वेअर पाहिजे."

फळ्यावर मी लिहिलेलं वाक्य असं होतं: 'माय फादर-इन-लॉ, हू रिटायर्ड लास्ट इयर, वॉज वेटिंग आउटसाइड द टेम्पल.' माझे सासरे, जे गेल्या वर्षी निवृत्त झाले, ते देवळाबाहेर वाट बघत होते. वाक्याचे चार तुकडे पाडून मधे तिरप्या रेघा ओढलेल्या. चूक कोणत्या तुकड्यात आहे ते सांगायचं, आणि चूक नसलीच तर 'नो एरर' म्हणायचं. बँकेच्या परीक्षेला अशी वाक्यं येतात आणि भल्याभल्यांना लोळवतात. या वाक्यात चूक नव्हती.

"ताई, सासरे किती आहेत तुम्हाला?" मागच्या बाकावरून एकानं विचारलं, आणि वर्ग हसला.

कावेरीही हसली. तिला राग येत नसे. हसता हसता तिनं वहीतलं उत्तर खोडलं, पण मला दिसलं की तिला ते मनापासून पटलेलं नाही.

बार्शीत एका आडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर तेव्हा माझा क्लास होता. खाली ज्वारीची पोती, वर आमचं इंग्रजी. वर्ग झाडला की रोज मूठभर धान्य निघायचं आणि ते कबुतरांना टाकायचं काम मी स्वतःकडे ठेवलं होतं. मी स्वतः बँकेच्या, स्टाफ सिलेक्शनच्या, राज्यसेवेच्या परीक्षा देत देत वयाची अट ओलांडली आणि मग फळ्याच्या या बाजूला येऊन उभा राहिलो. 'मी स्टेशनवर पोचण्यापूर्वी गाडी सुटली होती' हे वाक्य दरवर्षी शिकवावं लागतं. ते शिकवताना मी खिडकीबाहेर बघत असे.

कावेरी नाईकनवरे माझ्या संध्याकाळच्या बॅचला होती. गाव बार्शीपासून आत, भूमच्या रस्त्याला. बी. ए. झालेली, लग्न झालं, आणि दोन वर्षांत नवरा, बाळू, काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. सासरीच राहिली. तिला क्लासला घेऊन यायचे ते तिचे सासरे, सोपान आबा. यष्टीत ड्रायव्हर म्हणून जन्म गेला होता त्यांचा. एवढ्या मोठ्या गाड्या हाकलेला माणूस आता सुनेला मागे बसवून एका जुन्या लुनावर यायचा, तेही असा ताठ बसून की मागे पन्नास प्रवासी आहेत.

कावेरीचं गणित चांगलं होतं, बाकीही बरं होतं. इंग्रजीत मात्र ती दरवेळी थोडक्यात राहायची, आणि त्या विषयात नापास म्हणजे सगळ्यातच नापास. मी तिचे सराव पेपर घेऊन बसलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही मुलगी सगळीकडे चुकत नाही. एकाच ठिकाणी चुकते. 'द कलेक्टर आर कमिंग.' 'अवर प्रिन्सिपल वेअर अँग्री.' 'माय फादर-इन-लॉ आर अ ड्रायव्हर.' शिपाई आला की इज. चोर आला की इज. मान द्यायचा माणूस आला, की हिचं वाक्य अनेकवचनात गेलंच.

"अगं, इंग्रजीत मान असा देत नाहीत," मी तिला एकदा वर्ग सुटल्यावर थांबवून समजावलं. "तिथे कलेक्टर पण तो आणि शिपाई पण तो."

"आणि देव?"

"देव पण तो."

"देवाला तर आपणही तूच म्हणतो, सर," ती म्हणाली. "ते जमेल. आबांचं जमत नाही. माय फादर-इन-लॉ इज म्हटलं की त्यांच्यासमोर पाय पसरून बसल्यासारखं वाटतं."

मग मी तिच्यावर एक इलाज सुरू केला. रोज वर्ग संपला की आबांवर पाच वाक्यं तयार करायची आणि मोठ्यानं म्हणायची. सगळी एकवचनात. पहिल्या दिवशी तिनं आधी जिन्याकडे बघितलं. आबा खालच्या पायरीवर बसलेले असायचे. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता, तरी ती कुजबुजल्यासारखी म्हणाली, "माय फादर-इन-लॉ इज ओल्ड." पुढचं वाक्य, "ही इज टायर्ड." आणि वही मिटली. मी म्हटलं, अजून तीन. ती म्हणाली, उद्या म्हणते सर, आज एवढंच.

खाली उतरल्यावर आबांनी मला विचारलं, काय म्हणत होती हो पोरगी? माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, तुमच्यावर वाक्यं करतेय. त्यांना त्याचं इतकं अप्रूप वाटलं की त्या दिवशी लुना चालू होईना तरी ते चिडले नाहीत.

आबांची आणि माझी खरी ओळख मात्र जिन्यात झाली नाही, देवळात झाली. आमच्या गल्लीच्या टोकाला विठ्ठलाचं लहानसं देऊळ आहे, तिथे त्या दिवसांत सप्ताह चालू होता. सून वर इंग्रजी करतेय तोवर आबा देवळात जाऊन बसत, आणि कीर्तनाला उभं राहायची वेळ झाली की टाळ घेऊन मागच्या रांगेत उभे राहत. वर्ग उरकून मीही त्याच रांगेत जायचो. दिवसभर लोकांच्या चुका काढून माझं तोंड कडू झालेलं असे. माझ्या धंद्याची ती खोडच आहे, दुकानाची पाटी वाचली तरी डोळा आधी वेलांटीकडे जातो. पण टाळ हातात आला आणि मृदंगावर थाप पडली, की कान एकदम निवायचे. बुवांची जीभ एखाद्या शब्दावर घसरली तरी मला ती ऐकू यायची नाही. पांडुरंगानं माझ्यावर केलेली ही एवढी एक कृपा मी कधी विसरणार नाही.

त्या सप्ताहात एका बुवांनी फार गोड निरूपण केलं. तरुणच होते, परभणीकडचे. म्हणाले, "दारात तहसीलदार आला तर आपण काय म्हणतो? या साहेब, बसा साहेब. आणि देवाला काय म्हणतो? ये रे बाबा, धाव रे. मोठ्याला अहो-जाहो आणि सगळ्यांत मोठ्याला अरे-तुरे. हा कुठल्या शाळेचा हिशेब, माउली?" मंडपात हशा पिकला. मीही हसलो आणि मनात म्हटलं, हे उद्या कावेरीला सांगायला हवं. गजर पुन्हा सुरू झाला, आणि शेजारी बघितलं तर आबांचे टाळ थांबले होते. त्यांची लय चुकली असेल म्हणून मी कोपरानं ढोसलं, तेव्हा ते पुन्हा वाजवायला लागले.

असं करत करत कावेरी पूर्वपरीक्षेत निघाली. आमच्या बॅचमधून त्या खेपेला तिघंच निघाले, त्यातली ती एक. मुख्य परीक्षा एका रविवारी सोलापुरात होती. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी त्या तिघांना शेवटच्या सरावाला बोलावलं. बाकीचे दोघं आपलं आपलं उरकून गेले. कावेरी बसली होती, आणि मी तिला वाक्यं टाकत होतो. बिशप, मंत्री, मुख्याध्यापक, आजोबा, सासरे. ती एकामागून एक इज आणि वॉज म्हणत सुटली होती. एकदाही अडखळली नाही. मी खडू खाली ठेवला आणि मनातल्या मनात हात जोडले.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आधी आबा वर आले, त्यांच्यामागून एक उंच, रापलेला, पांढऱ्या टोपीतला माणूस. कावेरी उठून उभी राहिली.

"दादा, तू इथं?"

तिचा भाऊ होता तो, दत्तात्रय. भूमजवळ शेती करायचा. आधी त्यांच्या गावी जाऊन आला होता, तिथे कळलं की बहीण बार्शीला आहे, म्हणून आबांना शोधत देवळात आणि देवळातून इथे. मी खुर्ची पुढे केली. तो बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि फार आढेवेढे न घेता आल्याचं कारण सांगितलं. कावेरीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा मिलिटरीत. त्याचीही बायको गेलेली, एक लहान मुलगी आहे. माणूस निर्व्यसनी, घर चांगलं. सुट्टीवर आलाय आणि सोमवारच्या गाडीनं परत पठाणकोटला जाणार. बघायचं ते उद्याच. उद्या सकाळी मंडळी घरी येतायत.

"उद्या माझा पेपर आहे," कावेरी म्हणाली.

दत्तात्रय म्हणाला, पेपर दरवर्षी असतो. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्याच्या बोलण्यात बहिणीची काळजीच होती, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड होतं. बँक लागली तरी पोस्टिंग कुठं गडचिरोलीला मिळालं तर ही एकटी काय करणार, असं तो म्हणाला. चार वेळा बसली आणि चार वेळा राहिली, पाचव्यांदा काय वेगळं होणार, असंही म्हणाला, आणि हे म्हणताना माझ्याकडे बघणं त्यानं टाळलं. मग आबांकडे वळला.

"मामा, तुम्हीच सांगा. तुमचं वय झालं. रात्रीचं त्या लुनावर येता-जाता, डोळ्याला नीट दिसत नाही म्हणून आमच्या आईला तुम्हीच सांगितलंत. तुमच्यामागं हिला कोण? तुमचा धाकटा पुण्यात. तो बघणार आहे का वहिनीला?"

आबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांना बसायला मी दुसरी खुर्ची दिली होती, पण ते बसले नव्हते. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, ते आता दत्तात्रयाला चार शब्द सुनावतील. रोज ऊन-वारा न बघता सुनेला आणणारा माणूस. गावात लोक काय काय बोलले असतील, ते सगळं कानाआड टाकलेला माणूस. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मला कळलं की हा माणूस दमलाय. आजचा नाही, फार दिवसांचा दमलाय. लुना थांबवायला एखादी उतरती जागा शोधत होता, ती सापडली होती.

"पाव्हणं म्हणत्यात त्यात खोटं काय न्हाई," ते म्हणाले. "म्या आज हाय, उद्या न्हाई."

"आबा," कावेरी म्हणाली.

"ऐक पोरी. माणूस चांगला हाय म्हणत्यात. बाळू गेला तवा मीच बोललो होतो तुझ्या आईला, की पोरीचं पुन्यांदा बघू. मग तू शिकती म्हणालीस, मला बी बरं वाटलं. पर आता माझ्याच्यानं होत न्हाई. उद्याचं ऱ्हाऊ दे. जा भावासंगट."

खालच्या आडतीत कुणीतरी पोतं आपटलं. धुळीचा वास वर आला. कावेरी बाकाला धरून उभी होती. तिनं भावाकडे बघितलंच नाही. तिचं सगळं लक्ष आबांकडे होतं.

"आबा, तू तरी असं म्हणू नको," ती म्हणाली. "दादानं म्हणावं. तू नको म्हणू."

माझा हात फळ्याच्या डस्टरकडे गेला. खोटं कशाला सांगू, इतक्या वर्षांची सवय, चूक ऐकली की हात तिकडे जातो. कावेरीच्या तोंडून आबांना आजवर कधी एकेरी शब्द निघाला नव्हता. तिच्याच काय, त्या सबंध गावात कुण्या सुनेच्या तोंडून सासऱ्याला तो निघाला नसेल. तिलाही आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. ती तशीच त्यांच्याकडे बघत होती.

दत्तात्रयाला मात्र कळलं. तो उठून उभा राहिला.

"सासऱ्याला तू म्हणतीस?" तो म्हणाला. "मामा, बघा. हे शिकवलं इथल्या इंग्रजीनं. लोक काय उगाच बोलत नाहीत."

आता कावेरीच्या ध्यानात आलं. तिचा चेहरा एकदम पडला. ती काही म्हणायला गेली, पण आबांनी हात वर करून तिला थांबवलं. यष्टीचा ड्रायव्हर खिडकीतून मागच्या गाडीला थांब म्हणतो तसा हात. ते भिंतीपासून सुटले. क्षणभर मला वाटलं, ते खाली बसतील. पण ते दत्तात्रयाजवळ गेले, त्याची खाली पडलेली टोपी उचलली, तिची धूळ झटकली आणि त्याच्या हातात दिली.

"पाव्हणं, भूमची गाडी फलाटाला लागली असंल," ते म्हणाले. "ती चुकली तर मग थेट संध्याकाळी. चला, ष्टँडवर सोडतो."

"आणि ही?"

"तिची उद्या परीक्षा हाय."

दत्तात्रयानं बराच वाद घातला. मंडळींना काय सांगू, शब्द दिलाय, पुन्हा असं स्थळ येणार नाही. आबा ऐकून घेत होते आणि त्याच्या कोपराला धरून त्याला जिन्याकडे नेत होते. मंडळींना माझा नमस्कार सांगा म्हणाले. सोमवारची गाडी पठाणकोटची असली तरी ती पुन्हा परत येतीच म्हणाले. पायऱ्या उतरतानाही त्यांचा आवाज येत होता, भूमच्या रस्त्याला कुठे खड्डे पडलेत आणि कोणत्या बाजूला बसलं तर कमी हादरे बसतात ते सांगणारा.

कावेरी बाकावर बसली. मी तिला पाणी दिलं. तिनं ते प्यायलं नाही.

"सर, मी आबांना काय बोलले," ती म्हणाली.

मी म्हटलं, जाऊ दे. तू आता घरी जा आणि शांत झोप. ती मान हलवत राहिली.

रविवारी सकाळच्या गाडीला कावेरी, आबा आणि मी सोलापूरला निघालो. मला जायची गरज नव्हती, पण कालचं बघितल्यावर घरी चैन पडेना. गाडीत जागा मिळाली तेव्हा कावेरी म्हणाली, "आबा, तुम्ही खिडकीशी बसा, तुम्हाला वारा लागेल." पाण्याची बाटली देताना म्हणाली, "तुम्ही घ्या आधी." सगळं नीट, जागच्या जागी. परीक्षा केंद्र गावाबाहेर एका कॉलेजात होतं. फाटकाजवळ आबा तिच्या ओळखपत्राची झेरॉक्स काढायला समोरच्या टपरीवर गेले, तेवढ्यात ती मला हळू आवाजात म्हणाली की काल घरी गेल्यावर मी आबांचे पाय धरले. चुकून गेलं तोंडातून, पुन्हा असं होणार नाही म्हटलं.

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. हां हां म्हणाले आणि गोठ्याकडे गेले."

आबा आले, कागद तिच्या हातात दिले. ती आत गेली. फाटकावरच्या पोरांनी तिची बांगडी काढायला लावली, केसातली पिन काढायला लावली, आणि ते सगळं तिनं बाहेर आबांच्या हातात आणून दिलं. आबांनी बांगडी खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

केंद्राच्या कुंपणालगत कडुनिंबाखाली सिमेंटचा एक बाक होता. आम्ही तिथे बसलो. आजूबाजूला असेच बाप, भाऊ, नवरे, कुणाच्या कडेवर लेकरू. आत संगणकांसमोर शेकडो पोरं कुणाच्या तरी वाक्यातल्या चुका शोधत होती. आबांनी चपला काढून पाय बाकावर घेतले. त्यांचे डोळे तांबारले होते. मी विचारलं, झोप झाली नाही का?

"न्हाई लागली," ते म्हणाले.

मी वाट बघत राहिलो. माझं असं मत आहे की टाळकऱ्याला थांबता आलं पाहिजे, बुवा स्वर शोधत असले की मधे वाजवू नये.

"सर, एक इचारू का," ते बऱ्याच वेळानं म्हणाले. "तुमच्या त्या इंग्रजीत म्हणं तू आन तुम्ही येकच अस्तंय?"

मी हो म्हटलं. एकच शब्द, यू. बापाला, देवाला, कुत्र्याला, सगळ्यांना तोच.

"मग त्यास्नी काय कळतच नसंल."

"काय?"

त्यांनी पलीकडे उभ्या असलेल्या एका पोराकडे बघितलं, जो आपल्या बापाच्या खिशातून तंबाखूची पुडी काढून फेकून देत होता आणि बाप हसत होता.

"आई होती तवर सोपान्या म्हणायची," आबा म्हणाले. "आई गेली. डेपोत जोडीदार होते, जोशी कंडक्टर, शफीक मिस्त्री. ते तू म्हणायचे. ते बी ऱ्हायले न्हाईत. बायकू काय, अहो म्हणती. धाकटा पुण्याला जाऊन साहेब झाला, त्यो तुम्ही म्हणतो. गावात म्हणाल तर सगळे आबा. आबा तुम्ही बसा, आबा तुम्ही या. येक बाळू तेवढा म्हणायचा. लहानपणापासनं. लगीन झालं तरी म्हणायचा. त्याची आई रागवायची, बायकोपुढं बापाला तू म्हणतो व्हय रं. त्यो म्हणायचा, मग काय त्याला पत्र लिवू का."

ते हसले आणि मग डोळे पुसले, घाम पुसावा तसे.

"बाळू गेल्यावर मला कुणी तू म्हणालं न्हाई, सर. काल म्हणालं."

मी खाली बघत राहिलो. त्यांच्या चपलेचा एक बंद खिळ्यानं ठोकलेला होता.

"आन मग रातच्याला तिनं पाय धरले," ते म्हणाले. "चुकलं म्हणाली."

"मी बोलू का तिच्याशी?"

त्यांनी घाईघाईनं मान हलवली. "नको, नको. सांगून म्हणाली तर त्ये काय खरं न्हवं." मग म्हणाले, "तुम्ही लई चांगलं शिकिवलं तिला. चूक झाली की लगीच ध्यानात येती तिच्या."

माझी स्तुती त्या दिवशी पहिल्यांदाच मला लागली. मग आबांनी डोकं झाडाच्या बुंध्याला टेकवलं आणि डोळे मिटले. थोड्याच वेळात त्यांचा श्वास लांब लागला. तोंड अर्धवट उघडं, हात मांडीवर उताणा. मी त्यांच्या अंगावर ऊन येईल तसा सरकत त्यांच्यावर सावली धरत होतो आणि मनातल्या मनात नाम घेत होतो. कुणासाठी घेत होतो ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पेपरासाठी म्हणून सुरुवात केली होती खरी.

तो पेपर कावेरीला चांगला गेला. निकाल लागायला पावसाळा उलटला. इंग्रजीत ती आरामात निघाली, आणि गडचिरोली नव्हे पण मोहोळच्या पुढे एका शाखेत तिला नोकरी मिळाली. अजून ती बँकेतच आहे, आता तर ऑफिसर झालीय. मिलिटरीतल्या त्या माणसाचं पुढे दुसरीकडे जमलं. हे सगळं नंतरचं. त्या दिवशी, त्या बाकावर, आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पेपर सुटला तसा फाटकातून लोंढा बाहेर आला. कावेरी सगळ्यांत शेवटी आली. तिचे केस पिन नसल्यानं सुटले होते. डोळे आत गेले होते, ओठ सुकले होते. इतका वेळ पडद्याकडे बघून माणूस बाहेर आला की त्याला उजेडही ओळखू येत नाही, तशी ती फाटकात उभी राहून आम्हाला शोधत होती. मी हात केला. ती आली. पेपर कसा गेला हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. बाकावर जागा होती, पण बसली नाही. बसली असती तर पुन्हा उठली नसती असं तिच्याकडे बघून वाटत होतं. ती झोपलेल्या आबांसमोर उभी राहिली, आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

मग तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आबा," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "ऊठ. चल घरी."

तिला कळलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करून करून ती इतकी थकली होती की स्वतःच्या बोलण्याकडे बघायला तिच्यात त्राण उरलं नसेल. तेही असू शकेल.

आबांचा श्वास बदललेला मला ऐकू आला. पापण्या हलल्या. ते जागे होते. मी त्यांना हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या मांडीवरच्या हाताची दोन बोटं किंचित वर झाली, माझ्या दिशेनं. गप्प राहा म्हणून.

कावेरी त्यांच्यापुढे वाकली. त्यांच्या कपाळावर पडलेला निंबाचा पाला तिनं बोटानं काढला.

"दमलास का रे?" ती म्हणाली.

आबांनी डोळे उघडले नाहीत.